हाडं आणि स्नायूंवर संशोधन करताय? या चुका टाळा

हाडं-स्नायूंवर काम करायला ऑर्थोचे रेसिडेंट येतात, मेडिसिनचे येतात, लाइफ सायन्सेस करून पीएचडीला लागलेलेही येतात. विषय वेगवेगळे, पण पहिल्या वर्षातल्या चुका त्याच. बहुतेक चुका नमुना हातात असतानाच झालेल्या असतात. पुढे कितीही हुशार स्टॅटिस्टिशियन गाठला तरी त्या भरून निघत नाहीत.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो स्नायूच्या बायोप्सीवरून. तुकडा मिळाला की थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकतात. उणे १९६ अंश, म्हणजे क्षणात गोठेल असा हिशेब. होतं उलटं. गरम तुकडा पडताच नायट्रोजन उकळतो, तुकड्याभोवती वायूचा थर धरतो आणि त्या थरामुळे आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. गोठणं रेंगाळतं, तेवढ्यात बर्फाचे स्फटिक वाढतात आणि तंतूंना भोकं पाडतात.

एका रेसिडेंटचा थीसिस खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांच्या मांडीच्या स्नायूवर होता. ऑपरेशनच्या वेळी तुकडा घ्यायचा आणि लॅबमध्ये आणायचा. आयसोपेंटेन (नायट्रोजननं थंड करून त्यात तुकडा बुडवायचा तो द्रव, तो तसा उकळत नाही) मागवायला वेळ लागेल म्हणून त्यानं नायट्रोजनवरच भागवलं. काही महिन्यांनी मोठ्या उत्साहानं स्लाइड्स घेऊन आला. जवळजवळ प्रत्येक तंतूत पोकळ्या! व्हॅक्युओलर मायोपथी, म्हणजे तंतूंत पोकळ्या पडणारा स्नायूचा आजार, धरून त्यानं डिस्कशन लिहायलाही घेतलं होतं. पण पोकळ्या आतून कोऱ्या होत्या, आणि सगळ्याच रुग्णांत तशाच. तो आजार नव्हता, बर्फ होता. बहुतेक नमुने बाद झाले. मोडलेल्या हाडाच्या वेदनेत ज्या आजींनी संमतिपत्रावर अंगठा दिला, त्यांच्याकडे दुसरा तुकडा कोणत्या तोंडानं मागायचा?

माझी पद्धत अशी: स्टीलच्या छोट्या भांड्यात आयसोपेंटेन घ्यायचं, फ्यूम हूडमध्येच, कारण ते चटकन पेट घेतं. भांडं नायट्रोजनमध्ये धरायचं. तळाला आणि कडांना पांढरा घट्ट थर दिसू लागला की ते तयार झालं, त्याआधी नाही. ओटीतून तुकडा आणताना गॉज सलाइननं नुसतं दमट करायचं. निथळणाऱ्या गॉजमधल्या पाण्याचाही बर्फच होतो. बुडवण्याआधी तंतू उभे लावून घ्यायचे, नाहीतर आडवा छेद मिळत नाही. हे सगळं आधी कोंबडीच्या मांसावर करून दाखवल्याशिवाय मी कोणाच्याही हातात रुग्णाचा नमुना देत नाही. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरी चूक डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनची. औषध सुरू केलं, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, मणक्याची घनता दोन टक्क्यांनी वाढली, की तक्त्यात त्या रुग्णापुढे ‘सुधारणा’. त्याच माणसाला टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवलं तरी तेवढा फरक पडू शकतो. म्हणून आपल्या मशीनची आणि आपल्या टेक्निशियनची प्रिसिजन, म्हणजे पुन्हा मोजल्यावर आकडा किती हलतो ते, आधी काढावी लागते: ३० जणांचे दोनदा किंवा १५ जणांचे तीनदा स्कॅन, प्रत्येक वेळी उठवून पुन्हा झोपवून. आलेल्या चुकीला २.७७ नं गुणायचं. चूक १.५ टक्के निघाली, तर एका रुग्णात सुमारे ४.२ टक्क्यांच्या आतल्या फरकाला काही अर्थ नाही. कंपनीच्या ब्रोशरमधला आकडा उचलून चालत नाही आणि पहिला स्कॅन एका सेंटरला, दुसरा दुसऱ्या सेंटरला हेही चालत नाही. हाडाला वेळ लागतो. थीसिसची तारीख जवळ आली म्हणून ते लवकर भरत नाही. एवढ्या अवधीत उत्तर मिळणार नसेल तर प्रश्न बदला, स्कॅनची तारीख अलीकडे ओढू नका.

वृद्धांच्या मणक्यात ऑस्टिओफाइट्स (हाडाच्या कडेला वाढलेले टोकदार उंचवटे) असतील तर घनता खोटीच चांगली दिसते. आकडा लिहिण्याआधी चित्र बघा. तिशीतल्या मुलीच्या रिपोर्टवर टी-स्कोअरवरून (तरुण निरोगी माणसांशी तुलना) ‘ऑस्टिओपोरोसिस’ लिहू नका, तिथे झेड-स्कोअर (त्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघायचा असतो.

सीटीएक्ससाठी (हाड किती झिजतंय ते दाखवणारा रक्तातला मार्कर) रक्त सकाळी उपाशीपोटीच घ्या. ओपीडीत चहा-नाश्ता करून आलेल्या रुग्णाचं दुपारी घेतलेलं रक्त त्या तक्त्यात घालू नका. नुकतंच हाड मोडलेल्यांचे मार्कर कित्येक महिने वर राहतात, हेही ध्यानात असू द्या.

सार्कोपेनियात, म्हणजे वयानुसार स्नायू आणि ताकद घटण्यात, एकच व्याख्या धरा. आशियाई गटाच्या २०१९ च्या निकषात मुठीची ताकद पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलोच्या खाली धरली आहे, युरोपीय निकषात २७ आणि १६. ताकद एकीकडची आणि चालण्याचा वेग दुसरीकडचा घेऊन केलेली टक्केवारी कोणाशीच ताडून बघता येत नाही.

उंदरांना कॅल्सीन (नव्या हाडातल्या कॅल्शियमला चिकटून खूण करणारा चमकणारा रंग) देऊन हाडाची वाढ मोजणार असाल, तर ती हाडं ईडीटीएत (हाडातलं कॅल्शियम काढून टाकणारं रसायन) टाकू नका. कॅल्शियम गेलं की खूणही गेली.

आणि औषधाचा किंवा व्यायामाचा प्रयोग असेल, तर सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.