लॉगिनची पद्धत निवडण्याआधी लाइट घालवून बघा

नेटवर्कवर लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासण्याच्या दोन पद्धती आहेत, रेडियस आणि कर्बेरॉस. यातली कुठली घ्यावी, या चर्चेत सगळे सुरक्षेवरच बोलतात. आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट तपासावी लागते: रात्री लाइट जाऊन आल्यावर सकाळी लॉगिन होतं का?

टेलनेट (दुरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची जुनी पद्धत) आणि टीएलएसशिवायचं, म्हणजे संदेश कुलूपबंद न करणारं, एलडीएपी (वापरकर्त्यांची यादी विचारायची पद्धत) आधी बाद करा. पासवर्ड उघडा जातो.

रेडियस ठेवणार असाल तर 'मेसेज-ऑथेंटिकेटर' (संदेश वाटेत बदलला नाही हे दाखवणारी खूण) सक्तीचा करा. 2024 मध्ये उघड झालेल्या ब्लास्ट-रेडियस त्रुटीत मधला हल्लेखोर सर्व्हरच्या नकाराचा होकार करू शकतो. वायफायला ईएपी-टीएलएसच लावा, म्हणजे पासवर्डऐवजी सर्टिफिकेटने ओळख पटते. फोनवर सर्टिफिकेटची पडताळणी बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकूच नका. शेजारी त्याच नावाचं खोटं वायफाय लावणाऱ्याला त्याने रान मोकळं मिळतं.

आता कर्बेरॉस. पासवर्ड तारेवर जात नाही, म्हणून मला तो आवडतो. पण त्याचं सगळं घड्याळावर चालतं. दोन मशीनच्या वेळेत 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की तो दार बंद करतो.

अमळनेरकडच्या एका जिनिंगमध्ये मी यातच अडकलो होतो. ऐन हंगाम, रात्रभर लाइट नव्हती. सकाळी वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग आणि पावती निघेना. मी केबल बदलली, स्विच बदलला, पासवर्ड नवे दिले. दुपारी लॉगमध्ये 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट', म्हणजे घड्याळांत फार फरक, असं दिसलं. सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल संपला होता, तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. मनगटावरचं घड्याळ बघून वेळ लावली, तरी लॉगिन होईना. सर्व्हरचा टाइमझोन यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर होता. म्हणजे पडद्यावर वेळ बरोबर दिसत होती आणि खरा फरक साडेपाच तासांचा, 330 मिनिटांचा होता. म्हणून पडद्यावरच्या वेळेवर विसंबू नका. दोन्ही मशीनवर 'डेट -यू' (ही लिनक्सची कमांड) चालवून यूटीसी वेळ ताडून बघा.

अशा वेळी 5 मिनिटांची मर्यादा वाढवून टाका, असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. पकडलेला संदेश पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ती मर्यादा आहे. सीआर 2032 सेल बदला, आणि आतला एक टाइम सर्व्हर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारी सेवा) जोडून बाकी सगळी मशीन त्याच्याकडे वळवा.

मग सुट्टीच्या आदल्या रात्री, बॅकअप घेऊन, सर्व्हर बंद करा, नेटवर्कची केबल काढा आणि त्याची पिन सॉकेटमधून काढून ठेवा. नुसतं बंद करून भागत नाही. पिन लावलेली असेल तर घड्याळाला वीज मिळत राहते आणि संपलेला सेल कळतच नाही. सकाळी चालू केल्यावर नेटवर्कची केबल जोडण्याआधी तारीख बघा.

शेवटी मुख्य सर्व्हर बंद ठेवून दुसऱ्यावर लॉगिन होतं का ते बघा, तेही नुकत्याच सुरू केलेल्या मशीनवरून. आधीपासून लॉगिन असलेल्या मशीनकडे जुनं तिकीट, म्हणजे कर्बेरॉसने लॉगिनच्या वेळी दिलेला परवाना असतो. विंडोज डोमेनमध्ये (एकाच सर्व्हरच्या लॉगिनवर चालणारी विंडोज मशीन) ते मुळातच 10 तास चालतं. तिथे सगळं ठीकच दिसणार.