अन्सेल्मचा युक्तिवाद कसा तपासावा

देव आहे हे सिद्ध करू पाहणारा हा युक्तिवाद आधी कागदावर सुटा करून लिहा. अकराव्या शतकातला मठवासी अन्सेल्म म्हणतो: ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, तो देव. ही कल्पना नास्तिकाच्याही मनात असते. पण नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं थोर. म्हणून देव प्रत्यक्षात असलाच पाहिजे.

आता एकेका वाक्यावर बोट ठेवा. अन्सेल्मच्याच काळातल्या गौनिलो या मठवासीने त्याच साच्यात ‘सर्वोत्तम बेट’ बसवलं: मग असं बेटही प्रत्यक्षात असलंच पाहिजे! हा आक्षेप झटकन पटतो, पण घाई नको: बेटावर आणखी एक झाड नेहमीच वाढवता येतं, त्याच्या थोरपणाला कमाल टोकच नाही, म्हणून ते देवाच्या जागी नीट बसत नाही. खरा घाव जर्मन तत्त्वज्ञ कांटचा, १७८१ मधला. शंभर थालर (तेव्हाची जर्मन नाणी) खिशात असोत की कल्पनेत, संकल्पनेत एकही नाणं वाढत नाही. ‘असणं’ हा गुणच नव्हे.

निष्कर्ष लिहिताना मात्र जपा. युक्तिवाद पडला म्हणून देव नाही, असं ठरत नाही.