सातवी-आठवीच्या पोरांना इन्स्टा ‘समजवायला’ जाताय? मग या चुका टाळा

शाळा सुरू झाल्या की साताऱ्यात, कराडला, फलटणला, तिकडं सांगली-मिरजेतपण एक ठरलेला कार्यक्रम होतो. कुणीतरी पाहुणे येतात, ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ नावाची पीपीटी, तासभर भाषण, आभार, चहा-बिस्किट. पोरं टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी तीच पोरं फिल्टरमधून गाल गुळगुळीत करून डीपी बदलतात, मग दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सुरू, की ही पिढीच ऐकत नाही. पिढीचं राहू द्या हो, सेशनच चुकलेलं असतं. मी सातवी ते नववीच्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, शाळांमधून बॉडी इमेज (म्हणजे आपलं शरीर आपल्याला कसं वाटतं ते) आणि सोशल मीडियावर सेशन घेते, आणि ठिकठिकाणी त्याच त्या गोष्टी फसताना बघते. त्यातल्या ज्या जास्त नडतात त्या लिहितेय.

‘सगळं फेक असतं गं’ म्हणून मोकळं होणं

ही सगळ्यात मोठी. पोरांना माहितीये फेक असतं! फिल्टर कुठला, एडिट कसं केलं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण कळलं म्हणून तुलना थांबत नाही. माणूस स्वतःला शेजारच्याशी मापूनच बघतो, लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच हे मांडून ठेवलंय, आणि तेराव्या वर्षी तर हे माप दिवसभर चालू असतं. नॉर्वेने २०२२ पासून कायदाच केला, की जाहिरातीत अंगाचा किंवा त्वचेचा आकार-रंग एडिट केला असेल तर तसं लेबल लावा. पण अशा लेबलांवर जे प्रयोग झालेत त्यात बहुतेक वेळा बघणाऱ्याला स्वतःबद्दल वाटणारं वाईट काही कमी झालेलं दिसत नाही. म्हणजे ‘हे खोटं आहे’ ही चिठ्ठी चिकटवून भागत नाही.

मग करायचं काय? माझं मत असं की खोटं आहे हे सांगूच नका, ते बनतं कसं हे त्यांच्या हातानं करून बघू द्या, आणि सुरुवात चेहऱ्यापासून अजिबात नको. साताऱ्यात आपल्याकडं फुलांचं कास पठार आहे ना, त्याच्यासारखा धडा नाही. सप्टेंबरमधल्या कासच्या रील काढा, सगळीकडं जांभळा-गुलाबी गालिचा. आणि वर्गात विचारा, कोण कोण गेलंय? निम्म्याच्या वर हात येतात आणि मग जी सुरुवात होते... ‘मॅडम धुकंच होतं नुसतं’, ‘माझे बूट चिखलात गेले’, ‘ती सीतेची आसवं एवढीशी असतात, खाली बसल्याशिवाय दिसतपण नाहीत’. मग पोरंच सांगतात की कॅमेरा जमिनीला टेकवून धरला की विरळ फुलंपण दाट दिसतात, रंग वाढवलाय, माणसं कापून टाकलीत. कास खोटं आहे का? नाही, कास सुंदरच आहे, फक्त रीलमधलं कास तिथं कुणालाच भेटत नाही. इथपर्यंत आलं की पुढं चेहऱ्याकडं जायला वाट आपोआप होते, मुलं बचावात जात नाहीत.

दुसरा प्रयोग सेल्फीचा. शिवणाची टेप घ्या. आधी एक फुटावरून सेल्फी, मग पाच फुटांवरून दुसऱ्याने झूम करून फोटो, चेहरा दोन्हीत साधारण सारख्याच आकाराचा येईल असा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, की १२ इंचावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. लेन्सच्या जवळ जे असतं ते मोठं दिसतं, एवढंच त्यात आहे, पण ‘माझं नाक भज्यासारखंय’ म्हणून वर्षभर कुढणाऱ्या पोरीला हे टेप लावून बघितलं की जे वाटतं ते कुठल्याच भाषणाने वाटत नाही. तसंच फ्रंट कॅमेऱ्यातलं ब्यूटी मोड. बऱ्याच फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असतं आणि पोरांना वाटतं साधा फोटो आहे. ते बंद करून काढा, चालू करून काढा, शेजारी ठेवा.

फक्त एक पाळा, चेहरा तुमचा वापरा. मुलांचे फोटो पडद्यावर लावायचे नाहीत, कुणी हौसेने ‘माझा लावा’ म्हणालं तरी नाही. ब्रेकमध्ये त्या फोटोचं काय होतं ते तुम्हाला दिसत नसतं.

ज्यापासून वाचवायचं तेच दाखवत बसणं

स्लाइडवर बारीक कंबरेच्या मॉडेल, ‘असं बघू नका’. अहो पण दाखवलंत ना! उपाशी राहणाऱ्या, वजन घटवणाऱ्या मुलींच्या ‘सत्यकथा’ सांगताना किती किलो, काय खाल्लं, काय बंद केलं असे तपशील देऊ नका, वर्गात एखादी तरी असते जी ते टिपून घेते. एडिटिंग ॲपची नावंही घेत बसू नका.

हा पोरींचा विषय आहे असं समजून मुलांना ग्राउंडवर पाठवणं

हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता राग येतो. आपल्याकडच्या गावात सकाळी पाचला रस्त्यावर पळणारी पोरं बघा, भरतीची तयारी. पोलीस भरतीला मुलांची उंची १६५ सेंमी लागते हे आठवीतल्या पोराला पाठ असतं, आणि तो अजून १५० च्याही खाली असतो. मुलांची उंची मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा झपाट्याने वाढते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळं तो रात्री उंची वाढवायच्या पावडरीच्या रील बघत बसतो. दुसरीकडं जिमच्या रील. दंडाच्या शिरा, सिक्स पॅक. व्यायाम झाल्या झाल्या स्नायू फुगलेले असताना, वरून लाइट मारून, आधी पाणी पिणं तोडून काढलेला तो दोन मिनिटांचा फोटो असतो आणि कधीकधी मागे स्टेरॉइडपण असतं, हे पोरांना ठाऊक नसतं, आणि मग घरी आईकडं प्रोटीनच्या डब्याचा हट्ट.

मुलगा ‘मला वाईट वाटतं’ म्हणत नाही हे लक्षात घ्या. तो जोक करतो. दुसऱ्याला ‘काडी पैलवान’ म्हणतो, नाहीतर स्वतःलाच म्हणून घेतो. शर्ट काढायला लागेल म्हणून विहिरीवर पोहायला जात नाही. तालमीच्या मातीतल्या मुलांशी बोलताना मी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं उदाहरण घेते, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ, आणि वजनगट किती? ५७ किलो. पोरं एकमेकांकडं बघतात. आज त्या वजनाच्या पोराला जिममध्ये ‘आधी काहीतरी खा रे’ म्हणतील.

सोशल मीडियाचा भाग मुलं-मुली एकत्र ठेवा, शरीराच्या शंकांना वेगळं बसवा, आणि प्रश्न चिठ्ठीवर घ्या. चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची, प्रश्न नसेल त्याने काल काय जेवलो ते लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय नि कोण नाही हे कळत नाही.

फीड कसा तयार होतो हे सोडून देणं

फीड म्हणजे ॲप उघडलं की समोर येत राहणारी रीलची रांग. पीपीटीत सगळं असतं, हे नसतं. काय होतं बघा, मुलगी पिंपलवर एक घरगुती उपाय शेवटपर्यंत बघते, ॲपला कळतं ही इथं थांबली, मग अजून पिंपल, मग ‘ग्लो’, मग गोरं होणं, मग दहा दिवसांत बारीक. तिने यातलं काही शोधलेलं नसतं. तिला मात्र वाटतं सगळ्या जगाची कातडी काचेसारखी आहे, माझीच नाही. फेसबुक कंपनीच्या आतल्या कागदांमध्येच हे होतं, २०२१ मध्ये बाहेर आले ते, की शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असतं तेव्हा इन्स्टामुळे ते अजून वाढतं असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलेलं. हा आकडा तुमच्यासाठी, वर्गात घाबरवायला नको.

वर्गात वहीवर करा. शेवटच्या दहा रील आठवा, प्रत्येकीसमोर तीन गोष्टी: ही कुणी टाकली, त्याला त्यातून काय मिळतं, बघून मला कसं वाटलं. दुसऱ्या रकान्याला खरी मजा येते. ताई क्रीम फुकट सांगत नाही, लिंकवर कमिशन असतं, पैसे घेतले असतील तर तसं लिहिणं २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या नियमात आहे तरी कित्येक जण कोपऱ्यात बारीक लिहितात नाहीतर लिहितच नाहीत. मग उपाय: नको असलेल्या रीलवर ‘नॉट इंटरेस्टेड’, अकाउंट म्यूट, आणि फीड फारच बिघडला असेल तर सेटिंगमधून सुचवलेला कंटेंट रीसेट करता येतो. रीसेटनंतर मात्र पहिले काही दिवस आपण कशावर थांबतो ते महत्त्वाचं, नाहीतर आठवड्यात तेच परत.

इथंच एक अडचण येते, मुलं म्हणतात आम्ही हे करतो पण काही बदलत नाही. तेव्हा विचारा अकाउंट कुणाचं आहे. आपल्याकडं निम्मी मुलं आईच्या, काकाच्या, नाहीतर आजोबांच्या फोनवर असतात, किंवा अकाउंट स्वतःचं पण जन्मसाल १९९५ टाकलेलं. इन्स्टाची ‘टीन अकाउंट’ सोय भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आलीय, अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी मेसेज बंद, सोळाच्या खालच्यांना सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी. पण काकाच्या वयाच्या अकाउंटला यातलं काहीच लागू होत नाही. आणि सातवीतलं पोरगं बाराचं असतं, इन्स्टाची अट तेराची. म्हणून ‘कोण कोण इन्स्टावर आहे, हात वर करा’ हा प्रश्न विचारूच नका, एकही हात येणार नाही आणि तिथंच सेशन संपतं. ‘घरातल्या कुठल्याही फोनवर बघितलेलं चालेल’ म्हणा.

फोन काढून घेतला म्हणजे झालं

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट वाचली असेल तुम्ही, २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. वेळ कमी केल्याचा फायदाही होतो, कॅनडात १७ ते २५ वयाच्या, आधीच ताणात असलेल्या मुलामुलींनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला तर त्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. पण वेळ ठरवणं वेगळं आणि रागात हिसकावणं वेगळं. मुलगी येऊन सांगते, ‘आई मला ग्रुपवर डुक्कर म्हणाले’, आणि आई म्हणते, ‘आण तो फोन इकडं’. झालं, पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

आणि घरचा फीड? त्याला कुठं रीसेट आहे? लग्नात मावशी भेटते, ‘अगं किती वाळलीस’, दुसरी म्हणते, ‘चांगली सुटलीस की’, त्याच पोरीला, त्याच दुपारी. ‘उन्हात खेळू नको काळी पडशील, उद्या स्थळं यायचीत’ हे तर अजून चालू आहे, ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदललं पण आपली आज्जी काही बदलली नाही. आईचा स्वतःचा डीपी फिल्टरमधला. शाळेत आरोग्य तपासणी असते तेव्हा सगळ्या वर्गासमोर काट्यावर उभं करून एक सर वजन ओरडतात, दुसरे लिहितात, आणि त्या दिवसापासून एखादीचं नाव तेवढे किलो पडतं. गॅदरिंगला पहिल्या ओळीत गोऱ्या, बारीक पोरी कोण उभ्या करतं? रीलमधल्या बाईनं नाही केल्या. हे बदलणं फुकट आहे: वजन बाजूच्या खोलीत घ्या, आकडा बोलू नका, नाचाच्या ओळी दर गाण्याला बदला. पालकसभेत हा भाग मी आधी घेते, इन्स्टा नंतर.

‘तू सुंदरच आहेस गं’ हे उत्तरही फार कामाचं नाही. प्रेमाने म्हणतो आपण, पण बोलणं परत दिसण्यावरच राहतं. त्यापेक्षा ‘आज काय बघितलंस, कुणाचं?’ विचारा. आणि जोडीला साधं विज्ञान सांगा, की पाळी यायच्या सुमारास मुलींच्या अंगात चरबी वाढणारच, ती वाढीची गरज आहे, पिंपल हार्मोनमुळं येतात, मळामुळं नाही. हे एवढं आठवीच्या विज्ञानाच्या तासालाच बसतं. साताऱ्याच्या आदिती स्वामीने सतराव्या वर्षी, २०२३ मध्ये, तिरंदाजीत जागतिक अजिंक्यपद मिळवलं, माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळाली, ही नावं घ्या, पण ‘बघ ती कशी, आणि तू’ असं नको, नाहीतर तुलनेचं अजून एक खातं उघडलं.

सेशनने सगळं सुटेल असं धरून चालणं

काही वेळा हा शिकवण्याचा विषयच राहत नाही. डबा तसाच परत जायला लागला, जेवल्या जेवल्या बाथरूम, पीटीच्या तासाला रोज पोटदुखी, उन्हाळ्यातपण जॅकेट, वजन उतरतंय, पाळी थांबली, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही, तर डॉक्टर. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. फोटोची छेडछाड करून ग्रुपवर फिरवला असेल तर आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, आणि फोटो अश्लील असेल तर तो ‘पुरावा’ म्हणूनसुद्धा कुणाला पुढं पाठवायचा नाही, फोन तसाच घेऊन पोलिसांकडं जायचं. मुलीला ‘तू टाकलासच कशाला’ हे कुणीही विचारायचं नाही.

आईवडिलांना फोन करताना ‘तुमची मुलगी मोबाइलमुळं बिघडली’ असं म्हणू नका, समोरून लगेच भांडण नाहीतर मार. ‘गेले काही आठवडे डबा परत येतोय, वजन उतरलंय, दवाखान्यात दाखवून घेऊ, मी येते सोबत’ एवढंच बोला, आणि शाळेच्या तपासणी रजिस्टरमधनं तिची आधीची वजन-उंची एका कागदावर काढून द्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.