जिंजर बिअर भरताना एक बाटली प्लास्टिकची ठेवावी

कोकणातल्या वैशाखाच्या दमट उकाड्यात घरी आंबवलेली जिंजर बिअर (आल्याचे फसफसणारे पेय) काचेच्या बाटल्यांत भरली, की आत वायू किती साठला आहे हे बाहेरून कळत नाही आणि ठरावीक दिवस मोजत बसल्यास बाटली उघडताच निम्मे पेय उसळून वाया जाते किंवा काचच फुटते.

यासाठी त्याच मिश्रणापैकी थोडे सोड्याच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत दोन बोटे जागा सोडून भरावी आणि इतर बाटल्यांशेजारीच सावलीत ठेवावी. सकाळ-संध्याकाळ ती अंगठ्याने दाबून पाहावी. सुरुवातीला ती सहज चेपते; न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी कडक लागली, की सर्वच बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवाव्यात. तापमान ३० अंशांच्या पुढे असताना हे बहुधा एक-दोन दिवसांतच घडते, म्हणून संध्याकाळची तपासणी चुकवू नये.

दोन दिवसांनंतरही बाटली मऊच असेल, तर ती पाण्याच्या बादलीत उभी बुडवून दाबावी. बुचाच्या कडेने बुडबुडे आले, तर दोष बुचाचा आहे, यीस्टचा (पेय आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा) नाही.

फ्रिजमध्ये आंबण्याची क्रिया मंदावते, थांबत नाही. त्यामुळे पेय आठवडाभरात संपवावे आणि चौकोनी किंवा पातळ काचेच्या बाटल्या कधीही वापरू नयेत.