शेजारच्या दीर्घिकेतील अतिनवतारा कसा पाहावा

अतिनवतारा म्हणजे स्फोट होऊन काही काळ प्रचंड उजळलेला तारा. दुर्बिणीच्या नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, तो इतर कोणत्याही ताऱ्यासारखाच, एक टिंब म्हणून दिसतो. त्यामुळे तो दिसण्यापेक्षा असंख्य टिंबांतून नेमका ओळखणे अवघड असते. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी खगोलनिरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत (ताऱ्यांच्या प्रचंड समूहात) सापडलेला अतिनवतारा काही दिवसांतच अकराव्या प्रतीपर्यंत उजळला होता (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). अंधाऱ्या आकाशाखाली १५० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून तो पाहता येत होता.

प्रथम दीर्घिकेची जागा गाठावी. एम १०१ ही सप्तर्षींच्या शेपटीतील वसिष्ठ आणि मरीचि या ताऱ्यांशी जवळजवळ समभुज त्रिकोण करते. तिची एकूण प्रत सुमारे आठ असली, तरी तो प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असल्याने ती पुसट डागासारखी दिसते, आणि शहराच्या उजेडात तर तीच अदृश्य होऊन आतला अतिनवतारा मात्र दिसतो. म्हणून दीर्घिका दिसली नाही, तरी शोध सोडू नये.

डोळे अंधाराला सरावण्यासाठी अर्धा तास द्यावा आणि त्या भागातील ताऱ्यांचा नकाशा मंद लाल प्रकाशातच वाचावा. परावर्तक दुर्बिणीत दृश्य उलटे, तर काटकोनी आरसा लावलेल्या अपवर्तक दुर्बिणीत डावे-उजवे बदललेले दिसते. नकाशा त्यानुसार फिरवून किंवा आरशातल्यासारखा उलटवून घेतला नाही, तर भलताच तारा ‘सापडतो’. कमी वर्धनात आसपासच्या ताऱ्यांच्या आकृत्या जुळवाव्यात आणि मग वर्धन वाढवावे, म्हणजे पार्श्वभूमी काळवंडते आणि टिंब उठून दिसते. नकाशात दीर्घिकेतील तेजोमेघही टिपलेले असावेत, कारण तेही लहान दुर्बिणीत ताऱ्यासारखे फसवतात.

ओळख पटल्यावर तेज मोजावे, आणि माझ्या मते खरा आनंद इथेच आहे. तुलनेसाठी एक तारा किंचित तेजस्वी आणि एक किंचित मंद निवडावा. नकाशावर १०६ आणि ११२ असे आकडे असतील, तर त्यांचा अर्थ १०.६ आणि ११.२, दशांशचिन्हाचा ठिपका तारा वाटू नये म्हणून तो गाळलेला असतो. अतिनवतारा बरोबर मधोमध वाटला, तर प्रत १०.९ नोंदवावी. लालसर ताऱ्याकडे टक लावून पाहिल्यास तो अधिक तेजस्वी भासतो, म्हणून झटपट नजर टाकावी.

आयए (Ia) या प्रकारचा अतिनवतारा स्फोटानंतर सुमारे अडीच आठवड्यांनी परमोच्च तेज गाठून उतरू लागतो, तर टाइप दोन (II) या प्रकारातील काही तारे सुमारे शंभर दिवस जवळपास एकाच तेजावर रेंगाळतात. त्यामुळे सुरुवातीला रोज आणि पुढे तीन-चार दिवसांआड पाहावे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ आणि वापरलेले तुलनातारे लिहावेत. तारा दिसला नाही, तर त्या रात्री दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत लिहावी.