डेटाबेसची चूक आली की कोडने काय करावे?

डिसेंबरात गोव्यातील पाळोळ्याच्या एखाद्या होमस्टेची एकच खोली दोन कुटुंबे एकाच क्षणी बुक करतात. दोघांनाही ‘बुकिंग झाले’ असे दिसले, तर रात्री सामानासह आलेल्या दुसऱ्या कुटुंबाला काणकोणात ऐनवेळी खोली कुठून मिळणार? हे टाळणे कोड लिहिणाऱ्याच्या हातात आहे. इथली उदाहरणे पीएचपी (वेबसाइटच्या कोडची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांची आहेत.

१. चूक लपू देऊ नका. पीएचपी ८.० (२०२०) येण्यापूर्वी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) फसली तरी पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारे साधन) गप्प राहायचे आणि कोड पुढे धावायचा. आता आपोआप एक्सेप्शन येते, म्हणजे कोड तिथेच अडतो. जुन्या सर्व्हरवर एरर मोड स्वतः एक्सेप्शनवर बदलून घ्या. रिकामा कॅच ब्लॉक (एक्सेप्शन पकडणारा कोड) कुठेही ठेवू नका.

२. पहारा डेटाबेसकडे द्या. आधी सिलेक्टने खोली रिकामी आहे का पाहायचे आणि मग इन्सर्टने ओळ घालायची, एवढ्याने भागत नाही. त्या दोहोंच्या मध्ये दुसरा ग्राहक शिरतो. दर रात्रीसाठी एक ओळ ठेवा आणि खोली व तारीख या जोडीवर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) लावा. मागून येणाऱ्याला १०६२ (हे मूल्य आधीच आहे) ही चूक मिळेल.

३. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द व्हायच्या आज्ञांचा गट) स्वतः मागे घ्या. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. तीन रात्रींच्या बुकिंगमध्ये दोन ओळी शिरल्या आणि तिसरीला १०६२ आली, तर इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) फक्त तिसरी ओळ नाकारते. पहिल्या दोन तशाच राहतात. अशा वेळी कमिट केले, म्हणजे सगळे पक्के केले, तर पाहुण्याच्या नावावर दोनच रात्री लागतात. म्हणून कॅचमध्ये रोलबॅक (सगळे मागे घेणे) हवाच. दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने ओळीवर लावलेला लॉक सुटण्याची वाट पाहून (मूळ सेटिंग ५० सेकंद) १२०५ आली, तरी मागे जाते ते फक्त शेवटचे स्टेटमेंट. डेडलॉकची (दोघे एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसण्याची) १२१३ मात्र पूर्ण ट्रान्झॅक्शन रद्द करते.

४. चूक कोणत्या प्रकारची ते पाहून वागा. १०६२ आली तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. ‘ही खोली आत्ताच गेली, दुसरी तारीख पाहा’ असे ग्राहकाला सरळ सांगा. १२१३ आली तर किंचित थांबून सगळे ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून चालवा, पण दोन-तीनदाच. रात्रींच्या ओळी नेहमी तारखेच्या क्रमाने घातल्या की डेडलॉक कमी होतात. १०४० म्हणजे कनेक्शन संपली. तिथे ब्राउझरला ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) पाठवा. क्वेरीच चुकीची असेल तर ५०० (सर्व्हरमधली चूक), आणि दुरुस्ती तुमची.

कमिट करतानाच कनेक्शन तुटले, तर बुकिंग झाले की नाही हे कोडला कळत नाही. त्यासाठी फॉर्म उघडतानाच एक टोकन (त्या बुकिंगची वेगळी खूण) तयार करा, एका बुकिंगला एकच ओळ असलेल्या वेगळ्या टेबलात त्यालाही युनिक की द्या, आणि पुन्हा प्रयत्न करण्याआधी ते टोकन शोधा.

५. लॉगमध्ये (चुकांच्या नोंदींच्या फाइलमध्ये) काय जाते ते पाहा. मूळ संदेश पडद्यावर दाखवू नका, त्यातून टेबलांची नावे बाहेर पडतात. लॉगमध्ये वेळ, कोड आणि टोकन पुरे. १०६२ च्या संदेशात दुबार आलेले मूल्यच छापलेले असते. युनिक की पासपोर्ट क्रमांकावर असेल, तर परदेशी पाहुण्याचा तो क्रमांक लॉगमध्ये जाऊन बसतो.

६. मुद्दाम बिघडवून पाहा. मायएसक्यूएल बंद करून पान उघडा. मग दोन खिडक्यांत ट्रान्झॅक्शन सुरू करून त्याच दोन रात्री उलटसुलट क्रमाने घाला. डेडलॉक समोर येईल आणि तुमचा कॅच खरोखर चालतो की नाही ते हंगामाआधीच कळेल.