विवरणपत्र भरण्यापूर्वी क्रमांक वाचायला शिका: पॅन, टॅन आणि त्यांच्या भोवतीचे घोळ

जूनच्या मध्यावर नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील नोकरदारांच्या हाती फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, पडू लागतो आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची घाई सुरू होते. त्या कागदावर नोकरदाराचा पॅन, कंपनीचा पॅन आणि कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) असे तीन क्रमांक असतात, आणि तिन्हींची लांबी दहाच असल्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी सहज टंकला जातो. हे क्रमांक नुसते उतरवून न घेता वाचता आले, तर अशी चूक विवरणपत्र पाठवण्यापूर्वीच ध्यानात येते.

पॅनमध्ये आधी पाच अक्षरे, मग चार अंक आणि शेवटी एक अक्षर असते. त्यातले चौथे अक्षर धारक कोण आहे ते सांगते: व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, भागीदारी संस्थेसाठी एफ, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच. पाचवे अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचे आद्याक्षर असते. माहेरची शिंदे लग्नानंतर जाधव झाली, तरी पॅन तोच राहतो. कार्डावरचे नाव दुरुस्त करून मिळते, पाचव्या जागचे एस मात्र हलत नाही. नव्या आडनावासाठी नवा पॅन काढणे ही महागात पडणारी चूक आहे, कारण एकाहून अधिक पॅन बाळगल्यास दहा हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. झिजलेल्या कार्डावर ओ हे अक्षर आहे की शून्य, असा संभ्रम पडला तर जागा मोजावी: पहिल्या पाचांत ते अक्षरच असणार आणि सहाव्या ते नवव्या जागी अंकच.

पॅन आधारशी जोडलेला आहे ना, हे प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर आधीच पाहून घ्यावे. जोडणी बंधनकारक असूनही ज्यांनी ती केली नाही, त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले. अशा पॅनवर परतावा मिळत नाही आणि करकपातही चढ्या दराने होते. आपल्याकडे जोडणी अडते ती बहुधा नावापाशी, कारण आधारवर वसंतराव आणि पॅनवर नुसते वसंत असे सर्रास आढळते. अशा वेळी दोहोंपैकी एका ठिकाणी नाव दुरुस्त करून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

टॅन हा कर कापणाऱ्याचा क्रमांक आहे. त्यात चार अक्षरे, पाच अंक आणि एक अक्षर अशी रचना असते. म्हणजे पाचव्या जागी अक्षर दिसले तर तो पॅन आणि अंक दिसला तर टॅन. पहिली तीन अक्षरे ठिकाण दाखवतात, नाशिकसाठी एन-एस-के, तर चौथे कापणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर असते. बँकेच्या टॅनची सुरुवात एम-यू-एमने झालेली दिसली तर दचकू नये, कारण अनेकदा शाखा नाशिकची असली तरी कपात मुंबईच्या कार्यालयाच्या टॅनखाली होते. कर कापणाऱ्या प्रत्येकाला टॅन लागतोच असेही नाही. पाथर्डी फाट्यावर पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीचा फ्लॅट घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरायचा असतो, पण तो स्वतःच्या आणि विक्रेत्याच्या पॅनवर. विक्रेत्याचा पॅन निष्क्रिय निघाल्यास दर वाढतो आणि कमी कापलेल्या कराची नोटीस खरेदीदाराच्या घरी येते, म्हणून विसार देण्यापूर्वीच त्याची खात्री करावी. जुन्या करप्रणालीत घरभाड्याची सवलत घेणाऱ्याचे वार्षिक भाडे एक लाखाच्या वर असेल, तर कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो करारनाम्यातच लिहून घेतलेला बरा, मार्चमध्ये मागायला गेले की घरमालकाचा चेहरा उतरतो.

दुकानदारांचा जीएसटी क्रमांक पंधरा खुणांचा असतो. आरंभीचे २७ म्हणजे महाराष्ट्र आणि पुढच्या दहा खुणा म्हणजे पॅनच, त्यामुळे तो जुळवून पाहायला क्षणभरही पुरतो.

सगळे क्रमांक बिनचूक असूनही कर भलत्याच्या पॅनवर जमा होऊ शकतो, आणि त्यासाठी फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, ओळीओळीने पाहणे हाच उपाय आहे. माझ्या आईची मुदत ठेव संयुक्त नावाने करताना शाखेत माझे नाव आधी लिहिले गेले. पैसे तिचे आणि व्याजही तिच्याच खात्यात, पण करकपात पहिल्या नावाच्या पॅनवर जात असल्यामुळे ती माझ्या २६एएसमध्ये उमटली. व्याज एकाच्या विवरणपत्रात आणि कपात दुसऱ्याच्या, अशी फोड आपल्या मनाने केली तर मेळ बसत नाही. हे उत्पन्न आईच्या हाती करपात्र आहे, असे कारणासह आणि तिच्या पॅनसह बँकेला लेखी कळवावे लागते, म्हणजे बँक कपात तिच्या नावे दाखवते. विवरणपत्राच्या करकपातीच्या तक्त्यातही दुसऱ्या व्यक्तीचा पॅन नोंदवण्याची सोय आहे. बँकेला द्यायचे ते लेखी घोषणापत्र मी दिले, त्याची पोच घेतली, आणि ठेवीची मुदत संपल्यावर नव्या अर्जावर आईचे नाव पहिले आहे, हे दोनदा वाचून मगच सही केली.